एकवीसपैकी एकोणीस

७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

एखादी गोष्ट आपण वहीत लिहून, चुका खोडून, पुन्हा पुन्हा घोटून शिकावी आणि शेजारी बसलेल्या माणसाला ती न शिकताच यावी, तर राग नेमका कुणावर काढायचा? आत्या, मला याचं उत्तर येत नाही. तुला येत असेल तर कळव.

शनिवारी आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा अर्धा दिवसच असते. नंतर जेवणाच्या खोलीत आम्ही चौघं पोकर खेळायचो : मोठ्या मॅडम, नमुन्यांच्या बाटल्या गोळा करून आणणारे ड्रायव्हरकाका, टाइपिस्ट आणि मी. घाबरू नकोस, पैसे लावत नाही, बटणं लावतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि टेबलावर हळूहळू पाच उघडी पडतात. आपल्या पानांवर विश्वास असेल तर बटणं पुढे सारायची, नसेल तर पानं टाकून मोकळं व्हायचं. शेवटपर्यंत राहिलेल्यांत ज्याची पानं भारी, त्याची सगळी बटणं. हातात काही नसताना सगळं असल्यासारखी बटणं सारली, तर तो ब्लफ. समोरचा घाबरून पानं टाकतो आणि डाव तुझा होतो.

वर्षभर मी सगळ्यांत कच्ची होते. मग वही घातली. प्रत्येक डाव लिहायचा : कोणती पानं, कुणी किती लावली, मी काय केलं, काय करायला हवं होतं. आधी कळलं ते हे, की मी केवळ पुढचं पान बघायच्या उत्सुकतेपोटी भिकार पानांवर बसून राहते. ती खोड मोडली. मग हे कळलं, की शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांचं बघून ठरवता येतं, म्हणून तिथे बसल्यावर थोडं धीट व्हावं. वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की जिंकलेला डाव म्हणजे बरोबर खेळलेला डाव नव्हे.

एवढं सगळं केल्यावर काय झालं? टाइपिस्टची बदली झाली. त्याच शनिवारी आपली धाकटी आमचे शिवलेले ॲप्रन द्यायला आली. मॅडमनी तिला चौथी म्हणून बसवलं, खेळ दहा मिनिटांत समजावला, आणि पाच वाजेपर्यंत तिने आम्हा तिघांनाही धुऊन काढलं. उठताना म्हणते कशी, हे पत्ते बरे आहेत, इस्त्री करावी लागत नाही. सगळे हसले. मीही हसले, पण दात आवळून.

आता या वर्षीची बटणं मोजायला सुरुवात झाली आहे. दहा शनिवारांत ज्याची सर्वांत जास्त, तो एप्रिलमध्ये शहरातल्या सगळ्या प्रयोगशाळांच्या सामन्याला आमच्याकडून जाणार. एकच जागा असते. ती मला हवी आहे. धाकटीलाही मॅडमनी धरलंय. आमचे ॲप्रन शिवते म्हणजे आमचीच, असं त्यांचं म्हणणं.

दादांचा खोकला कसा आहे? लोभ आहेच, पत्ते खेळते म्हणून तो आटवू नकोस.

तुझी,
ताई

—

१४ जानेवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी प्रसूतिगृहात दुपारच्या सुट्टीत वाचलं. एका बाईच्या कळा थांबल्या होत्या, म्हणून तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, मोठीला म्हणावं, मलाही धाकटी बहीण आहे आणि मी आजवर तिचा एकही सुखाचा फोटो धड बघितलेला नाही. तेव्हा तू एकटी नाहीस.

राग कुणावर काढायचा याचं उत्तर मलाही येत नाही, पण कुणावर काढू नये ते येतं. धाकटी दहा वर्षांची असल्यापासून सुई धरते. तू वह्या भरत होतीस तेव्हा ती माणसं बघत होती. आता तिला माणसं वाचता आली तर त्यात तिने कुणाचं काय चोरलं?

तुमच्या त्या ब्लफबद्दल वाचून गंमत वाटली. आमच्याकडे येणारा प्रत्येक नवरा बाहेरच्या बाकावर तोच खेळत असतो. काही वाटत नाही असं तोंड, आणि पायातली चप्पल मात्र उलटी.

दादांचा खोकला बरा. आमच्या पदवीधर बाईंनी जेवण वेळेवर करावं. माया होती तेवढीच आहे, बटणं लावून ती वाढत नाही नि कमीही होत नाही.

आत्या

—

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने बरं वाटलं, पण ते बरं वाटणं शनिवारपर्यंतच टिकलं. पाच शनिवार झाले. धाकटी पहिली, मी दुसरी, ड्रायव्हरकाका माझ्या अगदी मागे. तिच्यात आणि माझ्यात मात्र मोठी दरी.

तिला मी विचारलं की तू ओळखतेस कसं. ती म्हणाली, माप घेताना टेप कमरेला लागली की प्रत्येक माणूस पोट आत घेतो, आणि आपण घेतलंय हे त्याला ठाऊक नसतं, पत्त्यांतही तसंच. ड्रायव्हरकाकांना चांगली पानं आली की त्यांचा डावा खांदा उतरतो, मॅडम चष्मा पुसतात. माझं विचारलं तर नुसती हसली. त्या हसण्याने माझा आठवडा खराब झाला.

मी काय करते सांगू? पाच बदाम म्हणजे भारी हात; चार जमले असले की पाचवा यायची शक्यता साधारण पाचात एक, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तिला तो आकडा माहीतच नाही. आणि तरी ती नेमक्या वेळी बसते, नेमक्या वेळी उठते. मॅडम परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या की हिला उपजतच अंगात आहे. आत्या, मी त्यांच्याकडे चार वर्षं काम करते. माझ्या तक्त्यांत आजवर चूक निघालेली नाही. माझ्या अंगात काय आहे, ते त्यांनी कधी म्हटलेलं नाही. पहिल्या नंबराने पास झाले तेव्हासुद्धा लोक माझ्या कष्टाचं कौतुक करायचे. कष्टाचं कौतुक म्हणजे काय असतं, हे मला आता कळतंय.

घरी आल्यावर ती मशीनवर बसते, गुणगुणते, आणि मला ते गुणगुणणं सहन होत नाही. खोली एकच, जाऊ कुठे?

आता जे लिहिते ते वाचून मला वाईट ठरव, पण वाच. तू तिला दोन-तीन आठवड्यांसाठी घरी बोलावून घेशील का? डोळ्याचं ऑपरेशन आहे, सोबत हवी, असं काहीतरी लिही. फार नाही, तीन शनिवार. एवढ्यात मी तिला गाठीन. मला लाज वाटते आहे, म्हणूनच भरभर लिहिते. थांबले तर फाडून टाकीन.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई

—

१२ फेब्रुवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

माझे डोळे उत्तम आहेत. तुझं पत्र एका दमात वाचता आलं, शेवटच्या परिच्छेदासकट. ऑपरेशन वगैरे काही व्हायचं नाही.

रागावलेले नाही. तू थांबून फाडलं नाहीस, मलाच पाठवलंस, एवढं माझ्यासाठी पुरे. मत्सर मला नवा नाही. लग्न झाल्यावर माझे दादा तुझ्या आईला फिरायला घेऊन जायचे तेव्हा घरात भांडी माझ्या हातून का पडायची, ते त्यांना अजून माहीत नाही.

नीट खेळ. हरलीस तर हरलीस. आशीर्वाद नेहमीचाच, पण या खेपेला जरा दटावून.

आत्या

—

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी तब्येत ठीक असेलच. तुझ्या खेळाची कीर्ती इथपर्यंत आली. आमच्या सगळ्या नर्सबाई विचारतात, पोट आत घेणाऱ्यांची शिकवणी कधी घेणार म्हणून.

एक सांगायचं होतं. ताईला तो सामना फार मनाला लागलाय. जास्त काही लिहीत नाही. तुला कळतं. जरा सांभाळून घे तिला.

पाठवलेला परकर मापाला अचूक बसला. असंच सुखाचं कळवत जा, माझा जीव तुम्हा दोघींत अर्धा-अर्धा आहे.

आत्या

—

११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जिंकले! आत्या, मी जिंकले! परवा दहावा शनिवार झाला. मी पहिली, धाकटी दुसरी, चौदा बटणांचा फरक. ड्रायव्हरकाका तिसरे, तिच्यापेक्षा सहा बटणांनी मागे. मॅडमनी माझं नाव फळ्यावर लिहिलं. रीतसर कागद वीस तारखेला जाईल.

आणि हे नशिबाने झालेलं नाही. गेल्या चार शनिवारांत माझा खेळ खरंच बदलला. मी ब्लफ करायला शिकले. आधी मी हातात काही नसलं की अपराध्यासारखी बटणं सारायची. आता एका दमात, वर न बघता सारते, आणि समोरचा पानं टाकतो. सगळ्यांत जास्त धाकटीच टाकते. तिची ती टेप-बिप माझ्यावर चालेनाशी झाली आहे. दहाव्या शनिवारी शेवटच्या डावात माझ्याकडे सत्ती आणि दुर्री होती, म्हणजे केर. टेबलावरही काही माझ्या कामाचं नाही. मी निम्मी बटणं सारली. तिने बराच वेळ आपली पानं बघितली आणि टाकली. त्या क्षणी मला वाटलं, चार वर्षांच्या नोकरीत नाही मिळालं ते हे.

मागचं पत्र जाळून टाक. आता लिहायला हरकत नाही, अभ्यासाने सगळं येतं. उपजत असणाऱ्यांनाही एक दिवस अभ्यासापुढे पानं टाकावी लागतात. धाकटीला मी समजावलं की वाईट वाटून घेऊ नकोस, तुलाही वही घालायला शिकवीन. ती बरं म्हणाली. बिचारी दोन दिवस गुणगुणली नाही.

तुझा लोभ आता अभिमानासकट पाठव.

तुझी विजयी,
ताई

—

१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मला तुझ्यासारखं किंवा ताईसारखं लिहिता येत नाही, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू सांभाळून घे म्हणालीस, मी घेतलं. अवघड नव्हतं. ताईकडे काही नसलं की ती मांडीवरची वही सरळ करते. कडा टेबलाच्या कडेला समांतर झाली की समजायचं, हात रिकामा आहे. पहिल्या दिवशीच कळलं होतं. आधी मी ते बघून तिला पकडायची, तुझं पत्र आल्यावर ते बघून पानं टाकायला लागले.

आत्या, मला त्याची सवय आहे. तिचा अभ्यास असला की टेबल तिचं आणि मी उंबऱ्यात बसून काजं करायची. तेव्हा काही वाटायचं नाही. खरंच नाही. पण दहाव्या शनिवारी शेवटच्या डावात माझ्या हातात दोन एक्के होते. असे दोन एक्के दहा शनिवारांत पहिल्यांदाच आले. समोर ताई वही सरळ करत होती. मी ती पानं टाकली तेव्हा माझे हात मला माझे वाटले नाहीत.

मला त्या सामन्याला जायचं होतं. मी कुणाला बोलले नाही. शंभर अनोळखी माणसं बघायची होती, कोण पोट आत घेतं ते. आणि आता ती मला वही घालायला शिकवणार म्हणते. ती डाव लिहीत असते ना, खाली मान घालून, सुंदर अक्षर, तेव्हा मला तिचा इतका हेवा वाटतो की मशीनची सुई दोनदा मोडली. तिच्या हातात जिंकलेलं ठेवायला काहीतरी आहे. माझ्याकडचं डाव संपला की पुसलं जातं.

हे तिला कळू देऊ नकोस. नमस्कार पायांवर डोकं ठेवून, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

तुझी,
धाकटी

—

२० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू माझ्या विजयाच्या पत्राला उत्तर पाठवलं नाहीस. का, ते मला आता माहीत आहे.

सामन्याची तयारी म्हणून रविवारी मी वही काढली. आजवर सगळे ब्लफ एकत्र मोजत होते. या वेळी माणसागणिक वेगळे केले. कामावर मी रोज हेच करते : सगळ्या विहिरींची सरासरी चांगली आली म्हणून कुणी पाणी प्यायला देत नाही, एकेक विहीर वेगळी बघावी लागते. स्वतःच्या वहीत मात्र मी सरासरी पीत बसले होते. शेवटच्या चार शनिवारांत मॅडम आणि ड्रायव्हरकाकांवर चौदा ब्लफ केले, पाच लागले. म्हणजे पूर्वीइतकीच कच्ची. धाकटीवर एकवीस केले आणि एकोणीस लागले. त्याआधीच्या सहा शनिवारांत तिच्यावर अकरापैकी तीनच लागले होते. आकडे समोर होते, आणि मी त्यांच्याकडे बघून म्हणत होते की मी शिकले.

ती मशीनवर होती. मी वही तिच्यापुढे धरली आणि विचारलं. तिने पाय न थांबवता सांगितलं, आत्याने सांभाळून घे म्हटलं होतं. मग पाय थांबला आणि तिने दोन एक्क्यांचंही सांगितलं.

तुझ्यावर राग नाही. ते वाक्य आपल्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की तू ते लिहिलंस हे तुलाही कळलं नसेल. पण मला काय वाटलं ते सांगते. कृतज्ञता नाही वाटली. आधी तिच्या जिंकण्याचा मत्सर होता, आता तिच्या हरण्याचाही झाला. हरण्यातसुद्धा ती माझ्यापुढे निघून गेली आणि मला पत्ताही लागू दिला नाही. मी तिला वही शिकवणार होते!

दोन दिवस मी गप्प राहायचा विचार केला. नाव फळ्यावर होतं, धाकटी तोंड उघडणार नव्हती. मग मंगळवारी ड्रायव्हरकाका बाटल्यांची पेटी घेऊन आले आणि त्यांनी मला विचारलं, सामन्याला जाताना त्यांची टोपी हवी का, त्यांना ती लाभते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी बहिणी एकमेकींचं बघत बसलो आणि टेबलावर तिसरा माणूस होता. माझ्या ब्लफपुढे धाकटी पानं टाकायची, तेव्हा त्याच डावात काकांची बटणंही मी ओढायची. ते दहा शनिवार खरोखर खेळले. आम्ही नाही.

मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलेलं ऑपरेशनचं पत्रसुद्धा. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, मुद्दाम पानं टाकणं ही लबाडीच, मग ती प्रेमाने केलेली का असेना. पण शेवटच्या चार शनिवारांचं काय करायचं ते तूच ठरव, तक्ते तुझे आहेत. धाकटीचं नाव लावलं तर त्यांची हरकत नव्हती. सरळ खेळली असती तर तीच पहिली आली असती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

काल संध्याकाळी मी धाकटीला सांगितलं की तुझंही नाव राहणार नाही. ऑपरेशनचंही सांगितलं. ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. म्हणाली, तुला मी जिंकलेलंही चालत नाही आणि हरलेलंही चालत नाही, मग मी नेमकं करायचं काय? कात्री टेबलावर आपटली. शेजारच्या बाई काय झालं म्हणून दारात आल्या, तर त्यांनाही सांगितलं की माझ्या बहिणीला विचारा, तिच्याकडे वहीत लिहिलेलं असेल. तेव्हापासून बोलत नाही.

ती म्हणाली ते खरं आहे. हातातली पानं मुद्दाम टाकणाऱ्याला आणि त्या टाकलेल्या पानांवर जिंकणाऱ्याला जायचा हक्क नाही, हे मला पटतं, आणि मी ते कुणालाही पटवून देऊ शकते. पण तिचं नाव काढताना त्यात न्याय किती आणि जळफळाट किती, हे मला वेगळं करता येत नाही. निम्मं-निम्मं असेल. कदाचित निम्म्याहून जास्त. ते कळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर कागद आजच जायचा होता.

म्हणून आज सकाळी कामावर पोचल्याबरोबर मी फळ्यावरचं माझं नाव पुसलं, कागदावर माझं आणि धाकटीचं अशी दोन्ही नावं खोडली, खाली ड्रायव्हरकाकांचं लिहिलं, कारण दोन ओळींत नमूद केलं, सही केली आणि लिफाफा चिकटवून टपालाच्या पेटीत टाकून आले.

लोभ ठेवावास असं सांगायची आज हिंमत नाही. ठेवलास तर मला कळव.

ताई